स्थलांतरित वास्तू आणि तिचा शेजार

ऐतिहासिक वास्तू आणि ती जिच्यावर उभी आहे ती जमीन यांची फारकत करता कामा नये, हे वारसा-जतनाच्या आधुनिक विचारातील पायाभूत तत्त्व आहे. १९६४ मध्ये व्हेनिस येथे भरलेल्या वास्तुतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने जी सनद संमत केली आणि जी पुढे जगभरच्या जतनकार्याला आधारभूत ठरली, तिच्या सातव्या कलमाचा आशय असा की, स्मारक ज्या इतिहासाचे साक्षीदार असते त्यापासून आणि ज्या परिसरात उभे राहिले त्यापासून ते वेगळे काढता येत नाही. म्हणून ते हलवणे दोनच परिस्थितींत समर्थनीय ठरते, एक तर ते वाचवण्याचा दुसरा मार्ग उरलेला नसेल तेव्हा, किंवा त्यामागे अत्यंत मोठे राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय हित असेल तेव्हा. ऑस्ट्रेलियात १९७९ मध्ये तयार झालेली बरा सनद जवळपास हीच भूमिका घेते, आणि अमेरिकेचे केंद्र सरकार ऐतिहासिक वास्तूंची जी राष्ट्रीय नोंदवही ठेवते तिच्यातही मूळ जागेवरून हललेल्या वास्तूला सहसा स्थान मिळत नाही. या तत्त्वामागचा हेतू योग्यच आहे. पण त्यात एक उणीव आहे आणि ती लहान नाही. वास्तू, जमीन आणि इतिहास या तिहींचा विचार त्यात होतो, मात्र त्या वास्तूच्या आसपास राहणाऱ्या, तिचा वापर करणाऱ्या, तिला आपली म्हणणाऱ्या किंवा न म्हणणाऱ्या माणसांना त्यात स्वतंत्र जागा नाही. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील ‘हॅमिल्टन ग्रेंज’ हे घर दोनदा हलवले गेले आणि तरीही, किंबहुना त्यामुळेच, टिकले. त्याची हकिकत नीट तपासली तर असे दिसते की वास्तूची जागा बदलण्यापेक्षा तिच्या आयुष्यातील एकच कालखंड खरा मानून बाकीचे पुसून टाकण्यात अधिक धोका असतो, आणि स्थलांतर यशस्वी झाले की नाही याचा निवाडा अखेर नव्या शेजाराकडूनच मिळतो.

तत्त्वाचा हेतू योग्य का आहे, हे सांगणारी उदाहरणे पुष्कळ आहेत. इंग्लंडमधील लँकेशर परगण्यातील एजक्रॉफ्ट हॉल हा पंधराव्या शतकापासूनचा लाकडी सांगाड्याचा वाडा गेल्या शतकाच्या विशीत एका अमेरिकन धनिकाने विकत घेतला, त्याचे भाग सुटे करून, पेट्यांत भरून अटलांटिकपार नेले आणि व्हर्जिनियातील रिचमंड येथे त्यांतून स्वतःसाठी निवासस्थान उभे केले. आज ते संग्रहालय म्हणून उत्तम स्थितीत आहे, परंतु ज्या खाणींच्या आणि गिरण्यांच्या प्रदेशात त्या वाड्याला अर्थ होता त्या प्रदेशाचा व्हर्जिनियाशी काही संबंध नाही. हाँगकाँगमध्ये १८४० च्या दशकात ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांसाठी बांधलेले मरे हाउस १९८२ मध्ये बँक ऑफ चायनाच्या मनोऱ्याला जागा देण्यासाठी उतरवण्यात आले. त्याचे तीन हजारांहून अधिक दगड क्रमांक घालून साठवले गेले आणि दीड दशकाहून अधिक काळ लोटल्यावर शहराच्या दुसऱ्या टोकाला, स्टॅन्ली येथे समुद्रकाठी ते पुन्हा रचण्यात आले. महाराष्ट्रातही याचे एक परिचित उदाहरण आहे. पहिल्या बाजीरावांनी मस्तानीसाठी कोथरूडला बांधलेल्या महालाचे अवशेष दिनकर केळकर यांनी मिळवले आणि आपल्या पुण्यातील संग्रहालयात त्यांची पुन्हा मांडणी केली. केळकरांनी हे केले नसते तर ते खांब, त्या महिरपी आणि ते छत पुण्यातील कित्येक वाड्यांच्या लाकूडकामाप्रमाणे विक्रीला निघून कुठेतरी विखुरले असते, त्यामुळे त्यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. तरीही संग्रहालयातला महाल हा पाहण्याचा महाल आहे. त्याला दालनाचा क्रमांक आहे, पण अंगण नाही आणि शेजारही नाही.

याच्या नेमकी उलट बाजूही महाराष्ट्राने पाहिली आहे. उजनी धरणाच्या जलाशयात इंदापूर तालुक्यातील पळसदेव गाव गेले, तेव्हा माणसे उठून नव्या जागी गेली आणि पळसनाथाचे प्राचीन मंदिर पाण्यात राहिले. दुष्काळी वर्षी पाणी ओसरले की मंदिर उघडे पडते आणि लोक तेथे गर्दी करतात. व्हेनिसच्या सनदेच्या काटेकोर कसोटीवर हे मंदिर निर्दोष ठरेल, कारण ते आपल्या जागेवरून तसूभरही हललेले नाही. परंतु ज्या समाजासाठी ते बांधले गेले त्याच्या रोजच्या जगण्यातून ते उठले आहे. वास्तू जागेवर राहिली म्हणजे तिचा परिसर राहिलाच असे नाही, आणि वास्तू हलली म्हणजे परिसर गेलाच असेही नाही, ही साधी गोष्ट सनदांच्या भाषेत कोठे बसत नाही.

हॅमिल्टन ग्रेंजचे मूळ स्वरूप समजून घेतल्याशिवाय या प्रश्नाचा कस लागत नाही. अमेरिकेचे पहिले अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी मॅनहॅटन बेटाच्या उत्तर भागात, तत्कालीन शहरापासून कित्येक मैल दूर, सुमारे ३२ एकर जमीन घेतली आणि वास्तुविशारद जॉन मॅकोम्ब धाकटे यांच्याकडून तेथे घर बांधून घेतले. न्यूयॉर्कच्या सिटी हॉलच्या आराखड्यात ज्यांचा वाटा होता तेच हे मॅकोम्ब. घर १८०२ मध्ये पूर्ण झाले. स्कॉटलंडमधील आपल्या आजोबांच्या जहागिरीवरून हॅमिल्टन यांनी त्याला ‘ग्रेंज’ हे नाव दिले. घराचा प्रकार व्हिलाचा होता. म्हणजे शहरात व्यवसाय असलेल्या सुस्थितीतील माणसाने शहराबाहेर, मोकळी जमीन, बाग आणि दूरचे दृश्य नजरेसमोर ठेवून बांधलेले घर, ज्याची परंपरा युरोप प्राचीन रोमपर्यंत मागे नेतो. ग्रेंजमध्ये या प्रकाराचा विचार फार बारकाईने केलेला होता. मधली दोन मुख्य दालने, बैठकीचे आणि भोजनाचे, अष्टकोनी होती आणि एकमेकांना जोडलेली होती. भोजनगृहातील आरसे लावलेली दारे समोरच्या खिडक्यांतून येणारा प्रकाश आणि बाहेरची हिरवळ आत परावर्तित करत. दोन्ही अंगांना लांब ओसऱ्या होत्या आणि टेकडीवरून एका बाजूला हडसन नदी तर दुसऱ्या बाजूला हार्लेम नदी दिसे. घराजवळ तेरा मूळ राज्यांच्या स्मरणार्थ स्वीटगम जातीची तेरा झाडे लावलेली होती. अशा घराचा जमिनीशी असलेला संबंध गल्लीतल्या घरापेक्षा अधिक घट्ट असतो, कारण भोवतालचे दृश्य हा त्याच्या रचनेचाच भाग असतो. म्हणूनच व्हिला हलवण्याचे समर्थन इतर कोणत्याही घराच्या स्थलांतरापेक्षा कठीण आहे, आणि म्हणूनच ग्रेंजचे उदाहरण विचाराला पुरेसे कठोर आहे.

हॅमिल्टन यांना या घराचा उपभोग दोनच वर्षे मिळाला. ११ जुलै १८०४ रोजी ॲरन बर यांच्याशी झालेल्या द्वंद्वात ते जखमी झाले आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या पत्नी एलायझा यांनी कर्जाच्या ओझ्याखाली, मुलाबाळांसह, १८३३ पर्यंत घर सांभाळले. दरम्यान १८११ च्या आराखड्याने मॅनहॅटन बेटावर काटकोनात छेदणाऱ्या रस्त्यांची जाळी कागदावर आखून ठेवली होती. १८८० च्या सुमारास उन्नत रेल्वे हार्लेमपर्यंत पोहोचली, शेतजमिनीचे भूखंड पडू लागले, आणि कागदावरचा १४३ वा रस्ता प्रत्यक्षात उतरवायची वेळ आली तेव्हा त्याच्या वाटेत हे घर आले. घर पाडले जाणार हे जवळजवळ निश्चित होते. ते वाचले ते कोणाच्या इतिहासप्रेमामुळे नव्हे. एका मंडळीला प्रार्थनेसाठी छप्पर हवे होते म्हणून ते वाचले.

मंडळी, म्हणजे एका चर्चशी बांधलेला उपासकांचा समुदाय, येथे सेंट ल्यूक एपिस्कोपल चर्चची होती. ही मंडळी स्वतःच ग्रिनिच व्हिलेजहून उठून उत्तरेला आलेली होती आणि तिचे नवे देवालय अद्याप बांधायचे होते. १८८९ मध्ये तिने हे घर मिळवले, थोड्या अंतरावरील कॉन्व्हेंट ॲव्हेन्यूवर हलवले, आणि नवे चर्च उभे राहीपर्यंत तेथे उपासना केली. या स्थलांतराने घराची मोडतोड झाली यात शंका नाही. ओसऱ्या काढून टाकल्या गेल्या, मूळ प्रवेश बंद झाला, घराची बाजू रस्त्याकडे करून तेथे नवा दरवाजा काढला गेला आणि त्यासाठी आतला जिना बदलावा लागला. पुढे एका बाजूला चर्चची दगडी इमारत आणि दुसऱ्या बाजूला सहा मजली चाळवजा निवासी इमारत यांच्या फटीत ते घर असे काही दाबले गेले की ज्या रचनेचे सारे मर्म मोकळ्या दृश्यात होते तिला खिडकीबाहेर भिंतीच भिंती उरल्या. जतनशास्त्राच्या पुस्तकात ही अवस्था विटंबना म्हणूनच नोंदवली जाते. ऑस्ट्रियन कलेतिहासकार आलॉइस रीगल यांनी १९०३ मध्ये स्मारकांच्या मूल्यांचे जे विश्लेषण केले त्यात त्यांनी जुनेपणाचे मूल्य, इतिहासाचे मूल्य आणि उपयोगाचे मूल्य अशी फोड केली होती आणि ही मूल्ये एकमेकांशी भांडतात असे दाखवले होते. ग्रेंजच्या पहिल्या स्थलांतरात उपयोगाच्या मूल्याने इतर दोन्ही मूल्यांना बाजूला सारले हे खरे. पण त्याने तसे केले नसते तर भांडण्यासाठी ती दोन्ही उरलीच नसती. वापरणाऱ्यांच्या हातून झालेली मोडतोड आणि त्यांच्याच हातून झालेले रक्षण यांची अशी सांगड वारशाच्या इतिहासात वारंवार दिसते आणि तिच्याकडे तुच्छतेने पाहणे अन्यायाचे आहे.

विसाव्या शतकात घराभोवतीची वस्ती पूर्णपणे बदलली. हार्लेम हे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे सांस्कृतिक केंद्र झाले. ग्रेंजपासून चालत जाण्याच्या अंतरावरील शुगर हिल या भागात डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस, थर्गुड मार्शल आणि ड्यूक एलिंग्टन यांच्यासारखी माणसे राहिली. कॅरिबियन बेटांतून आलेल्या कुटुंबांचीही येथे मोठी वस्ती झाली, आणि हॅमिल्टन हे स्वतः नेव्हिस बेटावर जन्मलेले आणि सेंट क्रॉय बेटावर वाढलेले स्थलांतरित होते, हा दुवा त्या वस्तीच्या संदर्भात विशेष बोलका आहे. परिसराला हॅमिल्टन हाइट्स हे नाव याच घराच्या मालकावरून पडले. १९२४ मध्ये एका जतनसंस्थेने घर विकत घेतले, १९३३ मध्ये ते संग्रहालय म्हणून उघडले, आणि १९६२ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने त्याला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा दिला. त्याबरोबर घर योग्य जागी हलवून पूर्ववत करावे अशी अपेक्षाही कायद्यात होती. ही अपेक्षा पुरी व्हायला ४६ वर्षे लागली. हा विलंब सरकारी दिरंगाईचा नमुना म्हणून सांगितला जातो, पण त्यात दुसरी एक बाजू होती. घर हलवायचे म्हणजे कोठे, हा प्रश्न होता. आणि ते हार्लेमबाहेर गेले तर एका कृष्णवर्णीय वस्तीतून तिचा ऐतिहासिक ठेवा उचलून नेल्यासारखे होईल, हे उघड होते. अखेर निवड झाली ती जवळच्याच सेंट निकोलस उद्यानाची. ही जागा हॅमिल्टन यांच्या मूळ ३२ एकरांतलीच, उतारावरची, झाडांनी वेढलेली होती; म्हणजे घर हललेही आणि एका अर्थाने आपल्याच जमिनीवर राहिले.

दुसऱ्या स्थलांतराची कामगिरी जवळून पाहण्यासारखी आहे, कारण तिच्यात चर्चबद्दलची एक काळजी दिसते. घर सरळ रस्त्यावर ओढून काढता येत नव्हते. समोर चर्चची कमानदार पडवी पुढे आलेली होती आणि तीही संरक्षित वास्तूचा भाग होती. घराचे तुकडे करून नेणे सोपे झाले असते, पण त्यात मूळ लाकूड आणि गिलावा यांची हानी होती. म्हणून सुमारे ३०० टन वजनाचे ते घर अखंड ठेवून, खाली जॅक लावत आणि लाकडी ठोकळ्यांची चवड रचत, सुमारे ३८ फूट उंच उचलण्यात आले, पडवीच्या वरून रस्त्याच्या दिशेने सरकवण्यात आले, पुन्हा खाली उतरवण्यात आले, आणि ७ जून २००८ रोजी चाकांच्या गाड्यांवरून कॉन्व्हेंट ॲव्हेन्यू आणि मग १४१ व्या रस्त्याच्या उतारावरून उद्यानात नेण्यात आले. हार्लेमच्या लोकांनी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभे राहून ते पाहिले. ज्या चर्चने एकशे एकोणीस वर्षांपूर्वी घराला आसरा दिला त्याच्या एका दगडालाही धक्का न लावता घराने निरोप घ्यावा, ही या प्रकल्पातील सर्वांत सुसंस्कृत गोष्ट होय.

त्यानंतर तीन वर्षे पुनर्रचना चालली आणि सप्टेंबर २०११ मध्ये घर पुन्हा उघडले. ओसऱ्या नव्याने बांधल्या गेल्या, मूळ प्रवेश मोकळा झाला, जिना पूर्वस्थितीत आणला गेला, अष्टकोनी दालने हॅमिल्टन यांच्या काळासारखी सजवली गेली, तेरा स्वीटगम झाडेही पुन्हा लावली गेली. काम उच्च दर्जाचे आहे. तथापि, याच टप्प्यावर या लेखाचा मुख्य आक्षेप उभा राहतो. घराची दर्शनी बाजू मुळात नैऋत्येकडे होती, नव्या जागी ती रस्त्याला सामोरी व्हावी म्हणून ईशान्येकडे फिरवली गेली, आणि यावरून बराच वाद झाला. परंतु दिशेवरून झालेल्या या वादात त्याहून मोठा प्रश्न झाकोळला गेला, तो म्हणजे घराच्या दोनशे वर्षांतील कोणती दोन वर्षे खरी मानायची. १८०२ ते १८०४ हा काळ निवडणे म्हणजे एलायझा यांची त्यानंतरची जवळजवळ तीस वर्षे, मंडळीची उपासना, बाजूला काढलेला दरवाजा, भिंतींच्या फटीतले जगणे हे सारे उपद्रव ठरवून दुरुस्त करून टाकणे होय. पुनर्रचनेच्या परिभाषेत याला कालखंड-निश्चिती म्हणतात: वास्तू कोणत्या वर्षीच्या रूपात दाखवायची याचा आधी घेतलेला निर्णय. हा निर्णय तांत्रिक वाटतो, पण तो मुळात कोणाचे आयुष्य इतिहास म्हणून गणायचे आणि कोणाचे नाही याचा निर्णय असतो. स्थलांतर सर्वांना दिसते, त्यावर सभा होतात, आक्षेप नोंदवले जातात. कालखंड-निश्चिती मात्र तज्ज्ञांच्या टेबलावर होते आणि पाहणाऱ्याला घर ‘जसे होते तसे’ वाटते. फसगत होण्याची शक्यता या दुसऱ्या गोष्टीत अधिक आहे.

व्हेनिसची सनद या बाबतीत आपल्या सातव्या कलमापेक्षा अधिक शहाणी आहे, हे येथे सांगितले पाहिजे. तिच्याच अकराव्या कलमात असा आग्रह आहे की, वास्तूच्या घडणीत सर्व कालखंडांनी घातलेली योग्य भर आदराने राखावी, कारण एकसंध शैली साधणे हे जीर्णोद्धाराचे ध्येय नव्हे. जतनाच्या चर्चेत सातवे कलम पुन्हा पुन्हा पुढे केले जाते आणि अकरावे मागे पडते. जागा बदलणे डोळ्यांत भरते, काळ पुसणे भरत नाही, एवढेच त्याचे कारण असावे.

शेजाराने घराला विचारायचा आणखी एक प्रश्न आहे आणि हार्लेममध्ये तो टाळता येत नाही. हॅमिल्टन हे गुलामांच्या मुक्तीसाठी १७८५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये स्थापन झालेल्या संस्थेचे सभासद होते, आणि त्यामुळे गुलामगिरीचे विरोधक म्हणून त्यांची ख्याती आहे. मात्र घर उभे राहिले तेव्हा न्यूयॉर्क राज्यात गुलामगिरी कायदेशीर होती. टप्प्याटप्प्याने मुक्तीचा कायदा १७९९ चा असला तरी संपूर्ण मुक्ती १८२७ मध्येच आली. २०२० मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या एका ऐतिहासिक स्थळाने प्रसिद्ध केलेल्या संशोधनात, हॅमिल्टन यांच्या हिशेबाच्या नोंदींच्या आधारे, त्यांनी स्वतःच्या घरातही माणसे गुलाम म्हणून ठेवली होती असे प्रतिपादन करण्यात आले; काही इतिहासकारांनी त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला आहे. वाद कोणत्याही बाजूने मिटो, तो या घराच्या दालनांत मांडला गेलाच पाहिजे, कारण ज्या वस्तीने हे घर आपल्या उद्यानात घेतले तिच्या पूर्वजांशी तो थेट निगडित आहे. हेच घर एखाद्या रिकाम्या टेकडीवर नेले असते तर हा प्रश्न अभ्यासकांपुरता राहिला असता. वस्तीत राहिल्याने घराला उत्तर देण्याची जबाबदारी आली, आणि वारसा समाजाचा भाग होतो तो अशाच जबाबदारीतून. २०१५ मध्ये हॅमिल्टन यांच्या जीवनावरचे संगीत नाटक ब्रॉडवेवर आल्यापासून दूरदूरचे पर्यटक ग्रेंजला मोठ्या संख्येने येऊ लागले. ते स्वागतार्हच आहे, पण नाटक पाहून आलेल्यांची उत्सुकता आणि शेजाऱ्यांचा हक्क या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी पहिलीच्या गर्दीत हरवू देता कामा नये.

यातून स्थलांतराची एक अधिक न्याय्य कसोटी मांडता येते. वास्तू हलवावी लागत असेल तर ती तिच्या माणसांपासून कमीत कमी अंतरावर जावी. नव्या जागेची निवड शेजाऱ्यांना विचारून व्हावी. प्रवेश खुला असावा. आणि हलवण्याच्या खुणा व मधल्या वापराच्या खुणा झाकल्या जाऊ नयेत. पहिल्या आणि तिसऱ्या अटीवर ग्रेंज उत्तम उतरते, कारण ते आपल्याच वस्तीत राहिले आहे आणि पाहायला पैसे पडत नाहीत. दुसऱ्या अटीवर ते बऱ्याच प्रमाणात उतरते. चौथ्या अटीवर मात्र उणे पडते. पुण्यात आणि अन्यत्र जे वाडे आता उतरवले जात आहेत आणि ज्यांचे खांब, तुळया, दरवाजे हॉटेलांच्या व रिसॉर्टांच्या सजावटीसाठी विकले जातात, त्यांच्याबाबत ही कसोटी लावण्याची वेळ निघून चालली आहे. तेथे वाड्याबरोबर आळीही उठते आणि लाकूड तेवढे प्रवास करते. वाडा हलवणे हा शेवटचा उपाय म्हणून मान्य करायचा झाला, तरी तो त्याच पेठेत, त्याच लोकांच्या वाचनालयासाठी, बालवाडीसाठी किंवा मंगल कार्यासाठी उभा राहू शकतो का, हा प्रश्न महापालिकांनी परवानगी देण्यापूर्वी विचारायला हवा.

हॅमिल्टन ग्रेंजचे २००८ चे स्थलांतर योग्य होते. त्यानंतरच्या पुनर्रचनेत मात्र चर्चच्या काळातले निदान एक दालन, बाजूच्या दरवाजासह, तसेच ठेवायला हवे होते. कारण १८८९ मध्ये त्या मंडळीने हे घर घेतले नसते, तर १८०२ चे म्हणून दाखवण्यासारखे काहीच शिल्लक नसते.